मामूंचा पित्ता, आपाची गोळी

बकरी ईदला आमच्या घरी कुर्बानी झाली की अम्मीचे लक्ष सगळ्यात आधी कलेजीकडे असायचे. कसाईभाई कलेजी बाहेर काढू लागले की ती दारात उभी राहून सांगायची, "हळू हं भाई, पित्ता फुटू देऊ नका." कलेजीला खालच्या बाजूने चिकटलेली ती हिरवट काळी, बोटाएवढी पिशवी. कसाईभाई ती चिमटीत धरून, कलेजीचा थोडा तुकडा गेला तरी चालेल अशा बेताने सुरी फिरवायचे आणि पिशवी अख्खीच्या अख्खी बाजूला टाकायचे. एका वर्षी त्यांच्या नवशिक्या मुलाच्या हातून ती फुटली. अम्मीने कलेजी चार पाण्यांनी धुतली, लिंबू लावले, दही लावले. तरी त्या दिवशी नाश्त्याची कलेजी कुणाच्या घशाखाली उतरली नाही.

हनफी फिकहमध्ये हलाल जनावराचे जे सात भाग खाल्ले जात नाहीत त्यात पित्ताशयही मोजतात, हे मला बऱ्याच उशिरा समजले. अम्मीचे कारण मात्र साधे होते. कडू आहे, फेकून द्या.

मी पुढे विज्ञानाची शिक्षिका झाले. सोलापूर जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये ३१ वर्षे शिकवले आणि त्या कडू पाण्याशी माझे वेगळेच नाते जडले. पचनसंस्थेचा धडा आला की मी आदल्या दिवशी मटणाच्या दुकानातून बकऱ्याचा पित्ता मागून आणायची. दोन परीक्षानळ्यांत पाणी आणि गोडेतेल घ्यायचे. दोन्ही हलवायच्या. तेल पुन्हा वर येऊन बसते. मग एकीत पित्ताचे दहा-बारा थेंब टाकून परत हलवायचे. आता तेल वर येत नाही, सगळे दुधासारखे होऊन राहते. मुले "ओऽ" करायची. मी सांगायची, "तुम्ही बिर्याणी खाता ना, तिच्यातल्या तुपाचे पोटात हेच होते. पित्त म्हणजे आपल्या पोटातला साबण." दरवर्षी तोच प्रयोग, तेच वाक्य. हा साबण चुकीच्या जागी गेला तर काय करतो, ते मात्र ३१ वर्षांत एकदाही सांगितले नाही. पुस्तकात नव्हते, म्हणून सुचलेही नाही.

आता मामूंची गोष्ट सांगते.

माझे धाकटे मामू उजनी धरणाच्या काठाला, इंदापूरच्या बाजूला राहतात. वय बासष्ट. दहा-बारा वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, पण पथ्याचे नाव नाही. उजनीच्या पाण्यात रोहू, कटला, मृगळ, चिलापी भरपूर. मामूंच्या घरी आठवड्यातून दोनदा मासा असतोच. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात, असरच्या नमाजनंतर त्यांचा फोन आला. इकडचे तिकडचे झाले आणि मग म्हणाले, "बेटा, तू सायन्सची टीचर. रोहूचा पित्ता कच्चा गिळला तर शुगर उतरते म्हणतात. खरं आहे का?"

माझ्या चुलीवर दूध होते. मी हसून म्हणाले, "मामू, कडूच खायचं तर कारलं खा की! लोक काहीही सांगतात." दूध उतू जायला लागले आणि मी फोन ठेवला.

"नका खाऊ" असे मी म्हणाले नाही. हे वाक्य मी मनात किती वेळा उगाळले असेल ते अल्लाहलाच माहीत.

चार दिवसांनी मुमानींचा फोन आला. मामूंना रात्रीपासून उलट्या आणि जुलाब, पोटात मुरडा. गावातल्या डॉक्टरांनी पावसाळ्याचा पोटबिघाड म्हणून सलाईन लावले, औषध दिले. एका दिवसात उलट्या थांबल्या. घरच्यांना वाटले, निभावले. गंमत म्हणजे त्या दिवशी मामूंनी घरच्या मशीनवर शुगर मोजली तर ती खाली आलेली! उपाशीपोटी माणूस, चोवीस तास उलट्या, शुगर खाली येणारच. पण मामूंना ते औषधाचे यश वाटले आणि ते गप्प बसले. तिसऱ्या दिवशी लघवी जवळजवळ बंद झाली, पायांवर सूज आली, डोळे पिवळे दिसू लागले. मग सोलापूर.

रुग्णालयात रिपोर्ट आले. क्रिएटिनिन ७.८. यकृताच्या तपासणीतला एसजीपीटी हजारावर. डॉक्टर विचारत होते, उंदरांचा वावर असलेल्या पाण्यात काम केले का, कुठली वेदनाशामक गोळी घेतली का, जंगलातले मशरूम खाल्ले का. मुमानी सगळ्याला मान हलवून "नाही" म्हणत होत्या. कावीळ आणि मूत्रपिंड दोन्ही एकदम कशाने बिघडले याची शोधाशोध चालू होती. मी कॉरिडॉरमध्ये तसबीह फिरवत बसले होते आणि अचानक तो फोन आठवला. मुमानींना बाजूला घेऊन विचारले. त्या आधी खाली बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तीन किलोचा रोहू होता. पित्ता पाण्याबरोबर गिळला. मला म्हणाले, मासा आहे, मासा तर जिबह न करताही हलाल, त्याच्या पित्त्यात काय वाईट? आणि तुमचं नाव घेतलं, तीही नाही म्हणाली नाही म्हणाले."

मी डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि सांगितले. त्यांनी पेन खाली ठेवले. म्हणाले, "मॅडम, हे तुम्ही आधी सांगितलं असतं तर निम्म्या तपासण्या वाचल्या असत्या."

रोहू, कटला, मृगळ, गवत्या मासा, सायप्रिनस हे सगळे मासे कार्प कुळातले. या कुळाच्या पित्तात सायप्रिनॉल सल्फेट नावाचे द्रव्य असते. तेच मामूंना भोवले. ते पोटातून रक्तात जाते, यकृताच्या पेशींना इजा करते आणि मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांच्या पेशी मारते. सुरुवातीला काही तासांत उलट्या-जुलाब, मग थोडे बरे वाटते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी आटते. मामूंचे अगदी याच क्रमाने झाले होते. चीन, तैवान, व्हिएतनाम आणि आपला भारत, जिथे जिथे हे मासे खातात आणि पित्ताला औषध मानतात, तिथल्या डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवून ठेवले आहेत. कुणी डोळ्यांसाठी गिळतो, कुणी सांधेदुखीसाठी, कुणी दम्यासाठी, कुणी शुगरसाठी. शिजवल्याने हे विष जात नाही, मधात घातल्याने जात नाही. त्यावर उतारा नाही. मूत्रपिंड पुन्हा चालू होईपर्यंत डायलिसिस करत वाट बघायची, एवढाच उपाय. माशाच्या मांसाला मात्र काही दोष नाही, तो खुशाल खावा. दोष त्या पिशवीचा.

मामूंचे सहा वेळा डायलिसिस झाले. सतराव्या दिवशी लघवी वाढली. अल्लाहचा शुक्र, बहुतेक रुग्णांप्रमाणे त्यांचीही मूत्रपिंडे परत कामाला लागली. पण त्या सतरा दिवसांत त्यांच्या मुलाने दोन म्हशी विकल्या.

याच सतरा दिवसांत दुसरी गोष्ट घडली. ती आमच्या लक्षातही आली नाही.

माझ्या थोरल्या बहिणीला, आपाला, पाच वर्षांपूर्वी अंगभर खाज सुटायला लागली. रात्र रात्र झोप नाही. त्वचेचे मलम झाले, नजर उतरवून झाली. शेवटी एका डॉक्टरांनी रक्तातले अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेले पाहून पुढची तपासणी केली. निदान झाले, प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस. यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती यकृतातल्या बारीक पित्तनलिका हळूहळू नष्ट करते. मध्यम वयाच्या बायकांना जास्त होतो. पित्त वाहून जायला वाट उरली नाही की ते यकृतातच तुंबते आणि वर्षानुवर्षांत यकृत वाळते. तिला गोळी लिहून दिली, अर्सोडीऑक्सिकोलिक अॅसिड. वजनाच्या दर किलोला १३ ते १५ मिलिग्रॅम. आपा साठ किलोची, म्हणजे ३०० च्या तीन गोळ्या रोज, आणि त्या कायमच्या. खाज काही पूर्ण गेली नाही, त्यासाठी दुसरे औषध लागले. पण रक्ताचे आकडे खाली आले आणि तिथेच राहिले.

मामूंच्या खाटेशेजारी बसून तिने माझे आणि डॉक्टरांचे बोलणे ऐकले. मला विचारले, "माझी गोळी पण पित्ताचीच ना गं?" मी घाईत "हो" म्हणाले आणि मेडिकलमध्ये मामूंचे इंजेक्शन आणायला गेले. पुन्हा एकदा, अर्धेच उत्तर.

आपाने त्या दिवसापासून गोळी बंद केली. कुणाला काही बोलली नाही. डबीतून रोज तीन गोळ्या काढायची आणि टाकून द्यायची, म्हणजे सुनेला संशय यायला नको. दीड महिन्याने नेहमीची रक्ततपासणी झाली तेव्हा अल्कलाइन फॉस्फटेज जवळजवळ पहिल्याइतके वर गेले होते. डॉक्टरांनी विचारले तेव्हा रडत रडत सांगितले, "मला डायलिसिस नको होतं."

त्या संध्याकाळी मगरीबनंतर मी तिच्याकडे गेले. यावेळी दूध नव्हते, मेडिकल नव्हते. औषधाच्या बिलाच्या पाठीमागे मी चित्र काढले. तीन षटकोन आणि त्यांना लागून एक पंचकोन. "हे कोलेस्टेरॉलचं हाड," मी म्हणाले. आपण ज्याला इतके घाबरतो त्या कोलेस्टेरॉलपासूनच आपले यकृत पित्ताम्ले बनवते, दिवसाला साधारण अर्धा ग्रॅम. या चार कड्यांच्या सांगाड्याला एका बाजूने पाणी आवडते, दुसऱ्या बाजूने चरबी. म्हणूनच ते साबणासारखे वागते. जेवल्यावर पित्ताशयातून आतड्यात उतरते, चरबी फोडते आणि लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला त्यातले ९५ टक्के परत शोषून यकृताकडे पाठवले जाते. दिवसातून सहा ते दहा फेऱ्या. एवढी काटकसर तर अम्मीच्या घरातही नव्हती!

"आणि जनावरांचं?" आपाने विचारले.

सांगाडा बहुतेकांचा तोच. त्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या कुठे लावल्या आहेत आणि त्या कुठल्या बाजूला वळल्या आहेत, त्यावर प्रत्येकाचे वेगळेपण ठरते. गाय-बैलाच्या पित्तात कोलिक आम्ल भरपूर, त्यावर अशा तीन जोड्या. हंसाच्या पित्तातून सापडले ते किनोडीऑक्सिकोलिक, ग्रीक भाषेत हंसाला जे म्हणतात त्यावरून नाव. डुकराच्या पित्तातल्याचे नाव डुकरावरून. पित्ताम्लांना चिकटलेला टॉरिन हा घटक १८२७ मध्ये टीडमन आणि गमेलिन या जर्मन शास्त्रज्ञांनी बैलाच्या पित्तातून काढला, म्हणून त्याचे नाव बैलाच्या लॅटिन नावावरून. (मुले जी डबाबंद एनर्जी ड्रिंक पितात त्यात हाच टॉरिन असतो आणि तो बैलाच्या कुठल्या तरी अवयवातून काढतात अशी अफवा आमच्या मोहल्ल्यात होती. आज तो कारखान्यात रसायनांपासून बनतो. त्या ड्रिंकविरुद्ध बोलायला माझ्याकडे दुसरी कारणे आहेत.) आणि आपाच्या गोळीतले अर्सो, ते अस्वलावरून. १९२७ मध्ये जपानमधल्या ओकायामा येथे शोदा यांनी ते अस्वलाच्या पित्तातून शुद्ध स्फटिकांच्या रूपात वेगळे केले. त्याच वर्षीचे रसायनशास्त्राचे नोबेल जर्मनीच्या हाइनरिख वीलंड यांना पित्ताम्लांच्या रचनेवरच मिळाले. त्यांनी सांगितलेला कड्यांचा आराखडा पुढे पाच वर्षांत चुकीचा ठरला आणि तो सुधारावा लागला, हे मला फार आवडते.

आपाचा चेहरा पडला. "म्हणजे मी अस्वलाचं पित्त खाते?"

नाही. चिनी वैद्यकात हजार वर्षांहून जास्त काळ अस्वलाचे पित्त यकृतासाठी देत आले आहेत आणि त्या कडू काळ्या गोळ्यात खरेच काहीतरी होते, हे मान्य केले पाहिजे. पण त्याची किंमत अस्वलांनी मोजली. हिमालयातल्या काळ्या अस्वलांची शिकार झाली आणि चीन, व्हिएतनाम, कोरियात अस्वलांना पिंजऱ्यात ठेवून जिवंतपणी पित्त काढण्याची शेती सुरू झाली. मला ती छायाचित्रे बघवली नाहीत. याची गरजच नव्हती, कारण जपानी रसायनशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकातच कत्तलखान्यात वाया जाणाऱ्या बैलाच्या पित्तातल्या कोलिक आम्लापासून अर्सो बनवून दाखवले होते. आधी पित्त अल्कलीबरोबर उकळून त्याला चिकटलेला टॉरिन आणि ग्लायसिन सोडवायचा. मग बाराव्या कार्बनवरची जोडी काढून टाकायची. मग सातव्या कार्बनवरची जोडी आहे त्या बाजूने उचलून विरुद्ध बाजूला बसवायची. एवढेच. आजही बहुतेक गोळी गुराढोरांच्या पित्तापासून अशीच तयार होते.

सातव्या कार्बनवरची ती एक जोडी वळली की काय होते? तोच सांगाडा, तेवढेच अणू, पण साबणपणा खूप कमी होतो. किनो पेशींच्या पडद्यांना बोचते, अर्सो बोचत नाही. आपाच्या यकृतात तुंबलेल्या खरखरीत पित्तात हे सौम्य पित्त मिसळले की एकूण पित्ताची धार बोथट होते आणि ते वाहतेही बरे. अमेरिकेत ही गोळी आधी १९८७ मध्ये पित्ताचे खडे विरघळवण्यासाठी आणि १९९७ मध्ये आपाच्या आजारासाठी मंजूर झाली.

"आणि मामूंच्या रोहूत?"

मी बिलावर दुसरे चित्र काढले. कार्प माशाचे द्रव्य आम्लच नव्हे. ते पित्ताचे अल्कोहोल, शेपटी तीन कार्बनांनी लांब, टोकाला सल्फेट. आणि मुख्य म्हणजे पहिली दोन कडी आपल्या पित्तात वाकडी, काटकोनात जोडलेली असतात, ती यात सपाट असतात. माझ्या हस्ताक्षरात दोन्ही चित्रे जवळपास सारखीच दिसत होती. आपा बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती. मग म्हणाली, "एवढ्याशा फरकाने?"

"एवढ्याशा फरकाने. शिवाय तुझ्या गोळीत काय आहे आणि किती आहे हे पाकिटावर लिहिलंय. मामूंच्या पित्त्यात किती होतं हे त्या रोहूलाही माहीत नव्हतं."

ती हसली. मग तिने तिचा खरा जुना प्रश्न काढला, जो गोळी सुरू झाली तेव्हाच तिच्या मनात होता. हलाल आहे का? तेव्हा मी तिला आमच्या ओळखीच्या मौलानांकडे घेऊन गेले होते. त्यांनी आधी मला विचारले की ही कशी बनते. मी कागदावर पायऱ्या लिहून दिल्या. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पदार्थाचे मूळ रूप बदलून तो दुसराच पदार्थ झाला असेल तर त्याचा विचार वेगळा होतो, फिकहमध्ये त्याला इस्तिहाला म्हणतात. आणि आजार खरा असेल, भरवशाचे डॉक्टर दुसरे तोडीचे औषध नाही म्हणत असतील, तर औषधाची सवलत आहे. "तरी कंपनीला विचारा, कुठल्या जनावराचं आहे," असेही म्हणाले. मी पत्र लिहिले. गुरांच्या पित्तापासून, असे उत्तर आले. वाचकांपैकी कुणाला हा प्रश्न पडला तर आपापल्या आलिमांना विचारावे. मी सांगितली ती आमच्या घरची हकीकत.

दुसऱ्या दिवशी आपाने गोळी सुरू केली. तीन महिन्यांनी आकडे पुन्हा खाली.

मामू आता बरे आहेत. शुगर मात्र तशीच हट्टी. मागे त्यांनी मला विचारले, "म्हणजे पित्ताचा आणि शुगरचा काही संबंध नाहीच?" मी आता त्यांना अर्धे उत्तर देत नाही. संबंध आहे, मामू. १९९९ मध्ये शोध लागला की पित्ताम्ले फक्त साबण नाहीत, ती पेशींना निरोप देतात. पेशीच्या केंद्रकात त्यांच्यासाठी खास कुलूप आहे आणि त्यातून चरबीचे आणि साखरेचे कामकाज हलते. २००८ मध्ये अमेरिकेत कोलेसेवेलाम नावाचे औषध टाइप २ मधुमेहासाठी मंजूर झाले. मामूंचे डोळे चमकले. "पण ते पित्त देत नाही," मी म्हणाले, "ते आतड्यातलं पित्त पकडून बाहेर टाकतं." मामू जोरात हसले. "म्हणजे मी उलटाच निघालो!"

सांध्यांच्या बाबतीतही असेच. मर्क कंपनीतल्या लुईस सॅरेट यांनी १९४० च्या दशकात बैलाच्या पित्तातल्या डीऑक्सिकोलिक आम्लापासून तीसहून अधिक पायऱ्या चढत कॉर्टिझोन बनवले. १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये सांध्यांनी जखडलेल्या एका बाईला ते टोचले आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० चे वैद्यकाचे नोबेल त्यावर मिळाले. पुढे ते रानकंदापासून स्वस्तात बनू लागले आणि बैलाची गरज संपली. सांधेदुखीवर पित्त द्यावे असे ज्या हकीमांना वाटले ते अगदीच हवेत बोलत नव्हते, असे मला कधी कधी वाटते. पण त्या पिशवीपासून त्या इंजेक्शनपर्यंत तीस पायऱ्या होत्या आणि त्यातली एकही गिळून चढता येत नाही. आपल्या युनानी वैद्यकाने सफराला चार अखलातमध्ये जागा दिली, कावीळ म्हणजे यरकानचा संबंध पित्ताशी लावला, ते बरोबरच होते. मराठीत तर आपण आंबट ढेकर आली तरी "पित्त झालं" म्हणतो. ते बिचारे जठरातले आम्ल असते, पित्ताचा त्यात हात नसतो.

गेल्या महिन्यात इंदापूरला गेले होते. मामू मला घेऊन बाजारात गेले. रोहू घेतला. मासेवाल्याने पोट फाडून पित्ता बाहेर काढला आणि टाकण्याऐवजी शेजारच्या पाण्याच्या बाटलीत सोडला. बाटलीत आधीच सात-आठ हिरव्या पिशव्या होत्या. मामूंनी विचारले, "या कशाला ठेवतोस?"

"लोक मागतात चाचा. शुगरवाले."

मामूंनी शर्टाची बाही वर करून मनगटाजवळची डायलिसिसच्या वेळची खूण दाखवली आणि सगळी हकीकत सांगितली. मासेवाला ऐकत होता, खवले काढत होता. शेवटी त्याने बाटली उचलून गटारात रिकामी केली. मग म्हणाला, "आज सकाळीच एक जण चार घेऊन गेला. ओळखीचा नव्हता."